वीतभर भरती

सावकाश वाचा. एका बैठकीत संपवायचंच, असा नेम धरू नका. रोज एक भाग वाचलात तर उत्तम. श्रवण, मनन आणि निदिध्यासन अशा तीन पायऱ्या आपल्याकडे सांगितल्या आहेत. ऐकलेलं मनात घोळवत राहणं ही मधली पायरी, आणि आपण नेमकी तीच गाळतो. प्रवासात तर हमखास. सकाळी सातला नाश्ता, आठला बस, दहा दिवसांत सहा देश. पाहिलं, फोटो काढला, पुढे निघालो.

आज पुढे निघायचं नाही. आठवडाभर एकाच किनाऱ्यावर बसायचं आहे.

ग्रीसच्या क्रीट बेटाच्या पश्चिम टोकाला फालासार्ना नावाचा किनारा आहे. मागे उघडेबोडके डोंगर, उतारावर ऑलिव्हच्या बागा, सपाटीवर टोमॅटोची प्लास्टिकची हरितगृहं, आणि पुढे वाळू नि भूमध्य समुद्र. महिना जुलैचा. चढावर एक साधी भाड्याची खोली, तिला व्हरांडा, व्हरांड्यात दोन खुर्च्या. अशा ठिकाणी जाऊन आला असाल तर आठवा. गेला नसाल तर डोळ्यांपुढे आणा. मननाला व्हिसा लागत नाही, बँकेचे कागदही जोडावे लागत नाहीत.

टेकून बसा. खांदे सैल सोडा. सुरुवात करू.

पहिला दिवस

पोचलात ती वेळ संध्याकाळची. सामान खोलीत टाकून पाण्याकडे निघालात. वाळूत पाय टाकण्याआधी चपला कुठे काढाल?

कोकणात वाढलेला माणूस हे न विचारता ठरवतो. त्याचे डोळे आधी ओल्या वाळूची रेघ शोधतात. पाणी चढतंय की उतरतंय, किती चढेल, उधाण आहे की भांगाची लहान भरती, हे तो एका नजरेत हेरतो. आमच्याकडची जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढत. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पाणी भरणार. मुंबईच्या समुद्राला उधाणाच्या दिवशी साडेचार मीटरच्या वर भरती येते. अशा समुद्राशेजारी राहणाऱ्याच्या अंगात एक घड्याळ बसलेलं असतं आणि ते त्याला कळतही नाही.

आता इथे, फालासार्नाला, लाट जिथवर पोचते त्याच्या चार पावलं अलीकडे चपला काढा. मन म्हणेल, थोड्या मागे ठेवू या. त्याला म्हणता येऊ द्या. पण मागे ठेवू नका.

या समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. अटलांटिकशी त्याचा संबंध जिब्राल्टरच्या एका चिंचोळ्या फटीतून येतो. ती फट सर्वांत अरुंद जागी जेमतेम चौदा किलोमीटर रुंद आहे. महासागराची भरती तिच्यातून आत शिरता शिरताच संपते, आणि आतला समुद्र एवढा मोठा नाही की चंद्राने त्याला स्वतंत्रपणे फार उचलावं. व्हेनिसच्या बाजूला आणि ट्युनिशियाच्या एका आखातात पाणी बऱ्यापैकी चढतं. इथे वीतभर चढलं तरी पुष्कळ.

बसा आणि पाहा. अर्धा तास झाला. रेघ तिथेच आहे, चपलाही तिथेच आहेत. मन मात्र अजून वाट पाहतंय. आपण रोज कशाकशाची वाट पाहत असतो, एकेक आठवा. नऊ सतराची लोकल. महिन्याच्या पाच तारखेचा हप्ता. मुलाच्या क्लासची सुटायची वेळ. निळ्या खुणा उमटल्या तरी न आलेलं उत्तर. या सगळ्या आपल्या भरत्या आहेत, आणि आपण सतत चपला मागे घेत असतो.

आज त्यांचं काही करायचं नाही. फक्त मोजा. जुलैत इथे सूर्य साडेआठच्या आसपास मावळतो, तेव्हा वेळ भरपूर आहे.

दुसरा दिवस

आज पाण्यात उतरायचं. पोहता येत नसेल तर कमरेइतक्या पाण्यात थांबा आणि कुणाला तरी सोबत घ्या.

तळ दिसतो. पायाची नखं दिसतात, वाळूवर आपली सावली पडलेली दिसते. पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: काय हे पाणी, नाहीतर आपलं ते! जरा थांबा. या निळाईचं कारण ऐकलंत की आपल्या समुद्राबद्दल असं बोलवणार नाही. भूमध्य समुद्राची ही पूर्वेकडची बाजू पोषणाच्या बाबतीत जगातल्या सर्वांत गरीब पाण्यांपैकी आहे. पाण्यात अन्न कमी, म्हणून सूक्ष्म वनस्पती कमी. त्या कमी, म्हणून पाणी गढुळत नाही आणि प्रकाश खोलवर उतरतो. ही उपाशी पाण्याची निळाई आहे. आपला समुद्र हिरवट, मळकट दिसतो, कारण त्यात नद्यांचा गाळ आहे, पावसाळ्यात तळातून वर येणारं खत आहे, आणि त्यावर जगणारे बांगडे नि तारल्या आहेत. एक पाणी पाहायला सुंदर, दुसरं भरल्या घरासारखं. दोन्हींना नमस्कार करा आणि तुलना इथेच सोडून द्या.

आता पाठीवर आडवे व्हा. हे पाणी आपल्या समुद्रापेक्षा खारट आहे. लिटरमागे 38-39 ग्रॅम मीठ, म्हणजे अंगाला थोडा अधिक आधार. मान सैल सोडा. कान पाण्याखाली जाऊ द्या. किनाऱ्यावरची मुलं, रेस्तराँमधलं गाणं, सगळं एकदम बंद होतं. उरतो तो स्वतःचा श्वास, एखाद्या मोठ्या खोलीत कुणी दुसरंच श्वास घेत असावं तसा.

श्वास आत घ्या. छाती फुगते आणि अंग बोटभर वर येतं. श्वास सोडा. अंग बोटभर खाली जातं, पाणी गालापर्यंत चढतं. पुन्हा वर. पुन्हा खाली.

काल संध्याकाळी जी शोधत बसला होतात ती भरती सापडली का? समुद्राला ती नाही. तुम्हाला आहे. एरवी मोठ्या भरतीच्या गलबल्यात ही बोटभर भरती जाणवत नाही, एवढंच.

दहा श्वास असेच राहा. मग उठा, नाहीतर नाक उन्हाने भाजेल.

तिसरा दिवस

सकाळी उठलात तर छत्र्या मिटलेल्या, टेबलांवरची कापडं चिमट्यांनी आवळलेली. वारा सुटला आहे. याला इथे मेल्टेमी म्हणतात. उन्हाळ्यात उत्तरेकडून येणारा कोरडा, खणखणीत वारा. आकाशात ढगाचा ठिपकाही नाही आणि वारा मात्र वाळू उडवतोय. आपल्याला हे चमत्कारिक वाटतं. आपल्याकडे असा वारा सुटला की पाठोपाठ पाऊस येतो आणि बायका दोरीवरचे कपडे काढायला धावतात.

प्राचीन ग्रीकांनी या वाऱ्यांना 'वर्षाचे वारे' अशा अर्थाचं नाव दिलं होतं, कारण ते दरवर्षी ठरल्या काळात येतात. अ‍ॅरिस्टॉटलनेही हवामानावरच्या आपल्या ग्रंथात त्यांचा विचार केला आहे. त्यांचं एक मूळ कुठे आहे हे मात्र त्याला माहीत असण्याचं कारण नव्हतं.

आज त्यावरच मनन करू. डोळे मिटा आणि घर आठवा. आषाढ संपत आलाय. सह्याद्रीवर ढग आदळतायत. फोनवर घरचं माणूस सांगतं, "इकडे धो धो चाललाय, चार दिवस कपडे वाळलेले नाहीत." भारतावर पडणाऱ्या त्या पावसातून प्रचंड उष्णता मोकळी होते आणि हवा उंच उचलली जाते. त्याचा परिणाम वातावरणात लाटेसारखा पश्चिमेकडे पोचतो आणि पूर्व भूमध्य समुद्राच्या भागात हवा खाली उतरते. खाली उतरणारी हवा तापते, कोरडी होते, ढग बनू देत नाही. मार्क रॉडवेल आणि ब्रायन हॉस्किन्स या हवामानशास्त्रज्ञांनी 1996 साली हा संबंध मांडला. क्रीटच्या कोरड्या उन्हाळ्याला इतरही कारणं आहेत, पण एक कारण आपला पावसाळा आहे. आपल्याकडच्या उन्हाळी कमी दाबाचा पट्टा तुर्कस्तानापर्यंत पसरतो आणि मेल्टेमी त्याच दिशेने ओढला जातो.

म्हणजे ज्या निरभ्र आकाशाखाली तुम्ही तेल लावून पडला आहात, त्याच्या हिशेबात रत्नागिरीचा पाऊस जमा आहे.

घरापासून दूर आलो असं आपण म्हणतो. वाऱ्याकडे तोंड करून बसा आणि तो शब्द, 'दूर', मनात पुन्हा पुन्हा म्हणा. तो हळूहळू सैल पडेल. घरी पावसात उभं असलेलं एक माणूस आठवा. तो पाऊस आणि हे ऊन एकाच साखळीची दोन टोकं आहेत.

चौथा दिवस

आज काहीच नाही.

हे सोपं वाटतं, पण आठवड्यातला सर्वांत अवघड दिवस हाच. अंगाचा शीण पहिल्या तीन दिवसांत उतरलेला असतो. किनारा पाहून झालेला असतो. दहा वाजता पाण्यात जाऊन आलात, अकरा वाजले, आणि आता कंटाळा येतो. मग हात आपोआप फोनकडे जातो. जवळपास आणखी काय बघण्यासारखं आहे? बलोसचं सरोवर राहिलं. बोट किती वाजता सुटते?

शोधू नका. कंटाळ्याला बसायला खुर्ची द्या. म्हणूनच तर व्हरांड्यात दोन आहेत.

जेवायला एकच पदार्थ मागवा, दाकोस. बशीत जवाचा, दोनदा भाजलेला पाव येतो. आपल्या टोस्टपेक्षा कितीतरी कडक, दगडच म्हणा. त्यावर किसलेला लाल टोमॅटो, त्यावर मिझिथ्रा नावाचं पांढरं, भुसभुशीत, ताज्या छन्यासारखं चीज, वर चुरलेला ओरेगॅनो आणि ऑलिव्हच्या तेलाची सैल हाताने सोडलेली धार. लगेच चावलात तर दाताची परीक्षा. थांबा. टोमॅटोचा रस पावात उतरायला लागलाय. कडेला एक ओली रेघ दिसते, ती हळूच खाली सरकते. आधी कोपरा मऊ होतो, मग मध्य. तेल सगळ्यांत शेवटी झिरपतं. पाचेक मिनिटांनी काटा टेकवलात तर तो आत जातो, आणि तरीही तळाचा थर कुरकुरीत राहिलेला असतो. या पाच मिनिटांत तुम्ही काहीही केलं नाहीत. पावाला मऊ करण्यासाठी तुमची गरज नव्हती. फक्त घाई नको होती.

ग्रीक माणूस दिवसातून दहा वेळा म्हणतो, 'सिगा, सिगा.' हळूहळू, सावकाश. दुपारी तीन ते साडेपाच ही उन्हाळ्यात तिथे शांततेची वेळ. गोंगाट करायचा नाही, असा चक्क नियमच आहे. पुण्यातल्या 'एक ते चार'ला आपण हसत आलो. तिथे पोलीस दुपारच्या झोपेची बाजू घेतात.

झडप ओढून घ्या. बाहेर रातकिड्यासारखे सिकाडा किरकिरत आहेत. पंखा फिरतोय. कंटाळा आहे का अजून? असू द्या. टोमॅटोचा रस कुठवर उतरलाय, तेवढं बघा.

पाचवा दिवस

आज वाळू सोडून खडकांवर जा. खडकांमध्ये ताटलीएवढे, वाटीएवढे खळगे आहेत. वाऱ्याच्या दिवशी लाटांचे शिंतोडे त्यांत साचले. भरती येऊन ते धुऊन नेत नाही, म्हणून पाणी तिथेच राहतं आणि ऊन ते पीत राहतं. एका खळग्याशी उकिडवे बसा. कडेला पांढरी किनार धरली आहे. मध्ये थोडं पाणी, त्यावर तरंगणारे इवलेसे चौकोनी स्फटिक. बोट लावून चाखा. जिभेला चरचर होते.

या खळग्यात जे चाललंय तेच एकदा या सगळ्या समुद्राचं झालं होतं. सुमारे साठ लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या हालचालींनी अटलांटिककडचं दार बंद होत गेलं. नद्या आणि पाऊस मिळून जेवढं पाणी देतात त्याहून अधिक पाणी इथलं ऊन उडवून नेतं. आवक तुटली आणि समुद्र आटू लागला. तळाशी मिठाचे थर बसले, काही ठिकाणी किलोमीटरहून जाड. 1970 साली 'ग्लोमार चॅलेंजर' या जहाजाने तळाला छिद्रं पाडली तेव्हा या मिठाचा पत्ता लागला. साधारण 53 लाख वर्षांपूर्वी दार पुन्हा उघडलं, अटलांटिक आत घुसला आणि समुद्र भरला.

ते दार अजूनही उघडं आहे, म्हणून तुमच्यासमोर हे पाणी आहे. जिब्राल्टरला वरच्या थरातून अटलांटिकचं हलकं पाणी सतत आत येत असतं. आतलं पाणी उन्हाने खारट आणि जड होतं, तळाकडे बसतं आणि त्याच सामुद्रधुनीतून, वरच्या प्रवाहाच्या खालून, बाहेर जातं. एकाच दारातून वरून येणं, खालून जाणं. साऱ्या समुद्राचं पाणी असं बदलायला साधारण शंभर वर्षं लागतात.

आता समुद्राकडे पाहा. पहिल्या दिवशी तो थांबलेला वाटला होता. त्याची देवघेव बंद नव्हती, ती डोळ्यांना दिसेल अशा गतीची नव्हती, इतकंच.

आपल्यातही काही जड झालेलं आहे. वर्षानुवर्षांच्या उन्हाने घट्ट झालेलं. एखाद्या भावाशी मोडलेलं बोलणं, न सांगितलेली एखादी माफी. आठवड्याभराच्या सुट्टीत ते निघून जाईल अशी आशा धरू नका, तेवढी घाई समुद्रालाही जमलेली नाही. पण नवं पाणी आत येत राहिलं तर जुनं तळाने वाट काढतं. एवढंच विचारा: माझं दार उघडं आहे ना?

सहावा दिवस

किनाऱ्याच्या उत्तरेला चालत जा. दगडी भिंती, बुरुजाचे अवशेष, खडकात कोरलेलं एक आसन. हे प्राचीन फालासार्ना, एके काळचं बंदर. जहाजं आत घेणारा कालवा आणि गोदीची जागा ओळखू येते. फक्त पाणी नाही. गोदीत गवत वाळलंय आणि समुद्र दूर, खाली आहे.

21 जुलै इ.स. 365 रोजी इथे प्रचंड भूकंप झाला. क्रीटचा पश्चिम भाग एका झटक्यात वर उचलला गेला. काही ठिकाणी नऊ मीटरपर्यंत, इथे सुमारे साडेसहा. त्सुनामीच्या लाटा अलेक्झांड्रियापर्यंत पोचल्या. या भागातल्या कड्यांच्या दगडावर, डोक्याच्या कितीतरी वर, आडवी रेघ दिसते. समुद्र तोवर तिथे होता.

त्या रेघेखाली उभे राहा. ज्या समुद्राची पातळी रोज वीतभरही हलत नाही, तिथे एका सकाळी जवळजवळ चार माणसांच्या उंचीइतकी जमीनच हलली. पहिल्या दिवशी तुम्ही चपला कुठे ठेवायच्या याचा विचार करत होतात. इथल्या माणसांनी कधीकाळी आख्खं बंदर ठेवलं होतं.

हे भीती घालायला सांगत नाही. रोजची लहान चिंता आणि कधीतरी येणारी मोठी घटना, यांचा एकमेकींशी फारसा संबंध नसतो. भरतीचं वेळापत्रक पाठ असल्याने भूकंप टळत नाही. तेव्हा रोज एवढं जागं राहून आपण नेमकी कशाची राखण करतो?

उत्तर शोधू नका. आसनाच्या दगडावर हात ठेवा. दिवसभराचं ऊन त्यात आहे.

सातवा दिवस

सामान आवरा. पिशवीच्या तळाशी वाळू राहणारच, झटकत बसू नका.

परतीच्या वाटेसाठी एक आठवण देतो. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकडीवर, पंचगंगेच्या काठी, 1940च्या दशकात पुरातन वस्तू सापडल्या. त्यांत पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची, छोटी ब्राँझची मूर्ती होती. रोमन व्यापाराच्या काळात, मोसमी वाऱ्यांवर जहाजं आपल्या किनाऱ्याला लागत तेव्हा, ती कधीतरी इकडे आली असावी. मग घाट चढून, समुद्र जिथून दिसतही नाही अशा गावी पोचली. आज ती कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. समुद्राचा देव तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या गावात राहायला आला, आणि आता वाट्याला आहे ते रंकाळा तलावाचं पाणी.

आपणही परवा असेच आपापल्या गावी असू. लोकल नऊ सतराचीच असेल, हप्ता पाच तारखेलाच जाईल. तो किनारा आपल्यासोबत येणार नाही, आणि दरवर्षी तिथे जाणं फार थोड्यांना परवडतं. दुसऱ्या दिवशी पाण्यात सापडलेली गोष्ट मात्र तिथली नव्हती, ती तुमची होती.

म्हणून आज रात्री दिवा मालवल्यावर पाठीवर पडा. मान सैल सोडा. दहा श्वास मोजा. छाती बोटभर वर येईल, बोटभर खाली जाईल. या भरतीसाठी पंचांग बघावं लागत नाही.